पंधरा टक्के जागा

बाबांचा डावा पाय गुडघ्याखाली कापला, त्याला आता पाच महिने झाले. कंपनीच्या कागदावर तो पाय त्यांनी स्वतःच्या निष्काळजीपणाने घालवला आहे. कागदाखाली चौकशी समितीच्या तीन सह्या आहेत आणि त्यातली तिसरी माझी आहे. त्याआधीच्या आणखी एका कागदावर मी सही केली होती. तो कागद कुणी पाहिला नाही, कारण तो मागावा असं कुणाला वाटलंच नाही. मी दोन्ही सह्यांबद्दल सांगणार आहे. चांगुलपणाचा आव आणत नाही, पोटात राहत नाही म्हणून सांगते.

बाबा ट्रॅक्टरच्या कारखान्यात चाचणी-चालक होते. एकतीस वर्षं. नवा नमुना तयार झाला की तो आधी बाबांच्या हाती जायचा आणि मग जगाच्या. चालवताना ते मशीनशी बोलायचे, आणि ते बोलणं एका शब्दाचं असायचं: हळू. चढावर हळू, वळणावर हळू, ढेकळात नांगर अडकला की जरा लाडाने, हळू गं बाई. म्हणून सगळा कारखाना त्यांना हळूकाका म्हणायचा. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एका मडगार्डला चरा गेलेला नव्हता.

मी त्याच कारखान्यात इंजिनीअर म्हणून लागले, तेव्हा बाबांनी पहिल्याच दिवशी एक नियम केला. फाटकाच्या आत मी 'मॅडम'. घरी कार्टे, अगं, ए शहाणे, काहीही. पण फाटक ओलांडलं की मॅडम. "मॅडम, तुमचा डबा घरीच राहिला," असं चारचौघांत म्हणून डबा हातात ठेवायचे. लोक हसायचे, मी लाजायची, आणि बाबांची छाती चार बोटं फुगायची. लोकांनी मला कुणाची तरी मुलगी म्हणून ओळखू नये, इंजिनीअर म्हणून ओळखावं, एवढाच त्यांचा हट्ट होता. तो नियम पुढे आम्हाला किती महागात पडेल हे तेव्हा कुणाला माहीत होतं.

माझं काम होतं नव्या हायब्रीड ट्रॅक्टरला ऊर्जा जपून वापरायला शिकवणं. हे मी आईला समजावलं तसंच सांगते. गच्चीवर पाण्याची टाकी असते ना, तशी बॅटरी. खालचा पंप म्हणजे डिझेल इंजिन. पंप एका चालीत टाकी भरत राहतो, आणि सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले तर टाकी भार घेते. नळ म्हणजे चाकं. या ट्रॅक्टरचं इंजिन चाकांना जोडलेलंच नाही. ते फक्त वीज तयार करतं आणि चाकं मोटर फिरवते. उतारावर मात्र उलटा प्रकार होतो. चाकंच मोटरला फिरवतात, मोटर वीज तयार करते, ती बॅटरीत जाते, आणि त्या ओढीने ट्रॅक्टर आवरला जातो. नळातून पाणी परत टाकीत चढतं म्हणा.

"आणि टाकी भरलेली असेल तर?" आईने तेव्हा भाजी चिरता चिरता विचारलं होतं.

आईला जे पहिल्या मिनिटात सुचलं, त्याच्यावर आमच्या विभागात चार बैठका झाल्या.

बाबांना ते कुणी सांगायची गरज पडली नव्हती. पहिल्या नमुन्यावर मी मडगार्डवरच्या छोट्या सीटवर बसून, पट्टा बांधून, मांडीवर लॅपटॉप घेऊन त्यांच्याबरोबर एकशे चाळीस तास फिरले. ते काय करतात ते नोंदवायचं आणि त्यातून प्रोग्रॅम लिहायचा, असं ठरलं होतं. कडक जमीन यायच्या वीस पावलं आधी ते इंजिन वाढवून बॅटरी भरून घ्यायचे. शेताच्या टोकाला वळताना इंजिन उतरवायचे. हे सगळं मोटरची शीळ ऐकून. स्क्रीनकडे ते फारसं बघायचे नाहीत. आणि रोज सकाळी लवकर येऊन ते चार्जरचा प्लग स्वतःच्या हाताने उपटायचे. बॅटरी पंच्याऐंशीला आली की उपटायचे. आमची शेड टेकाडावर आहे आणि चाचणीची शेतं खाली. म्हणजे दिवसाची सुरुवातच उताराने.

"मॅडम, पोटात जागा ठेवायची," ते म्हणाले होते. "तुडुंब भरून उतारावर गेलं की ओकायला होतं."

त्यांना ती खोडच लागली. घरात कुणाचाही फोन चार्जिंगला लावलेला दिसला की ते जाता येता प्लग काढायचे. आमच्या घरात कुणाचा फोन कधी शंभर टक्के भरलेला मी पाहिला नाही. आई करवादायची, "अहो, फोन काय उतारावरून घरंगळणार आहे?" बाबा म्हणायचे, "जागा असावी." पुन्हा पुढच्या वेळी प्लग काढलेलाच.

मी ती जागा प्रोग्रॅममध्ये घातली. बॅटरी पंच्याऐंशी टक्क्यांवर आली की चार्जिंग आपोआप थांबणार. ज्या दिवशी ते पहिल्यांदा चाललं, त्या दिवशी बाबा सवयीने प्लगशी गेले आणि बघतात तर मीटर पंच्याऐंशीवर थांबलेला. त्यांनी प्लगला हात लावला नाही. शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता हे काम मॅडम करतात. मी सुटलो." मला तेव्हा जे वाटलं ते पुन्हा कशाने वाटणार नाही.

आता माझी हुशारी ऐका. पहिल्या नमुन्यात जास्तीची वीज जाळून टाकायला एक हीटर होता, बॅटरी भरलेली असली तरी उतारावर ओढ राहावी म्हणून. चांगला जाडजूड, खर्चिक. मीच टिपण लिहिलं, की पंधरा टक्के जागा राखली आहे, सबब हीटरची गरज नाही. हीटर निघाला. टाळ्या पडल्या. मग तीन महिन्यांनी आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावलं.

त्यांना आम्ही पाठीमागे टक्केसाहेब म्हणायचो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य टक्क्यांत असायचं. जेवण कसं होतं विचारलं तर सत्तर टक्के म्हणणारा माणूस. त्यांनी चहा मागवला.

"गिऱ्हाईक स्क्रीनवर पंच्याऐंशी बघणार," ते म्हणाले. "तो विचारेल, माझे पंधरा टक्के कुणी खाल्ले? मला शंभर दिसायला हवेत. आणि त्या पंधरा टक्क्यांत अर्धा तास जास्तीचं काम निघतं. माहितीपत्रकात शोभून दिसेल."

"आणि उतार, सर?"

"किती जणांची शेड टेकाडावर असते? सात टक्के. त्यांच्यासाठी पुस्तिकेत सूचना टाकू. पूर्ण चार्ज असताना भार घेऊन तीव्र उतारावर जाऊ नये. पान चौसष्ट. ठीक?"

"मग हीटर परत बसवायला लागेल."

"हीटरची गरज नाही असं तुम्हीच लिहिलंय की," ते म्हणाले, आणि माझंच टिपण माझ्यासमोर सरकवलं.

मला कुणी धमकावलं नाही. आवाज चढवला नाही. प्रमुखपदासाठी माझ्या शिफारशीचं पत्र त्यांच्या टेबलावर होतं, पण त्याचा त्यांनी साधा उल्लेखही केला नाही. मी उठून जाऊ शकले असते. लेखी विरोध नोंदवू शकले असते. मी चहा संपवला आणि सही केली. ही पहिली सही. प्रोग्रॅममधला पंच्याऐंशीचा आकडा खोडून शंभर लिहायला मला अर्धं मिनिट लागलं.

त्यानंतर प्रात्यक्षिकाला आठ दिवस होते. आठही दिवस संध्याकाळी बाबा आणि मी समोरासमोर बसून जेवलो. रोज मनात यायचं, आज सांगू. पण कसं सांगू? सगळ्या शेडसमोर त्यांनी माझं कौतुक केलं होतं, आणि तीच गोष्ट मी एका कपभर चहात सोडून दिली होती. पाचव्या दिवशी मी सुरुवात केली, "बाबा, तो मीटर आहे ना..." तेवढ्यात आईने मीठ कमी झालंय का विचारलं. मला तेवढं निमित्त पुरलं. मी म्हटलं, मीठ ठीक आहे.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी खालच्या शेताजवळ कापडी छत उभारलं होतं. तिथे खुर्च्यांवर साठेक खरेदीदार बसले होते. मी त्यांच्यासमोर माइक घेऊन उभी. ट्रॅक्टर टेकाडावरच्या शेडमधून तीन टन काँक्रीटचे ठोकळे भरलेली ट्रॉली ओढत उतरणार, नंतर नांगरणी करून दाखवणार, असा बेत. टक्केसाहेबांनी ट्रॅक्टर आदल्या संध्याकाळपासून चार्जिंगला लावून ठेवायला सांगितलं होतं. त्यांना पाहुण्यांना स्क्रीन दाखवायची होती.

मला वाटलं होतं, बाबा नेहमीसारखे लवकर येतील, बघतील, आणि शेडमागच्या सपाटीवर दोन चकरा मारून बॅटरी थोडी उतरवतील. खरंच वाटलं होतं की तसं वाटून घेतलं होतं, ते आता मलाही सांगता येत नाही.

ट्रॅक्टर उताराला लागला. ट्रॉली ओढत उतरताना त्या मोटरची एक बारीक, वर चढत जाणारी शीळ येते. वीज परत बॅटरीत जातेय त्याची ती खूण. एकशे चाळीस तास मी ती ऐकली होती. मी माइकवर म्हणत होते, "आता तुम्हाला एक आवाज ऐकू येईल," आणि आवाज आला नाही. नुसता चाकांचा खडखडाट. बाबांनी ब्रेक दाबले असणार, कारण जळक्याचा वास खालपर्यंत आला. तीन टन ठोकळे मागून ढकलत होते. वळणावर ट्रॅक्टर सरळ राहिला असता तर छतात, माझ्यावर आणि साठ खुर्च्यांवर आला असता. बाबांनी तो डावीकडच्या मातीच्या बांधात घातला. ट्रॅक्टर कलंडला, आणि ट्रॉलीचा दांडा त्यांच्या पायावर आला.

चौकशीच्या कागदात याचं वर्णन असं आहे: चालकाने वाहन अचानक डावीकडे वळवले.

समितीत बाहेरून आणलेली एक अधिकारी बाई होती, टक्केसाहेब होते आणि तांत्रिक सदस्य म्हणून मी. मुलगीच समितीत आहे म्हटल्यावर निःपक्षपातीपणाबद्दल कुणी शंका घेणार नाही, असं टक्केसाहेब म्हणाले. बाबांचा जबाब इस्पितळात घेतला. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, जिथे पांघरुणाखाली एकच उंचवटा होता.

"पान चौसष्टवरची सूचना तुम्ही वाचली होती?" त्या बाईंनी विचारलं.

"हो," बाबा म्हणाले.

पुस्तिका तेव्हा छापूनही आली नव्हती. ती प्रात्यक्षिकानंतर दुसऱ्या आठवड्यात आली. हे मला माहीत होतं, टक्केसाहेबांना माहीत होतं, आणि बाबांना तर पक्कं माहीत होतं, कारण नवी पुस्तिका आली की पहिली प्रत त्यांच्याकडेच यायची. त्या बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी 'हो' लिहून घेतलं.

"मग मीटर बघितला नाहीत?"

"राहून गेलं. चूक माझी. मॅडमचा यात काही संबंध नाही," बाबा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "सही करून टाक. पाय काय पुन्हा उगवणार आहे? निदान तुझं टेबल राहील." मी दुसरी सही केली. वडिलांनी सांगितलं म्हणून केली, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. आज्ञाधारक मुलगी!

पुढचं सगळं नीट झालं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. दुसऱ्या महिन्यात कंपनीने पंच्याऐंशीची मर्यादा गुपचूप परत आणली. तिसऱ्या महिन्यात तिला नाव मिळालं, 'उतार-सुरक्षा', आणि ती माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर गेली. टक्केसाहेबांना बढती मिळाली. मी प्रमुख झाले. बाबांना कुबड्या, पेन्शन आणि निरोपाची शाल मिळाली. शाल त्यांनी घडीही न मोडता कपाटात ठेवली.

गेल्या आठवड्यात मी शेडमध्ये गेले होते. एक नवा प्रशिक्षक चार चालकांना उतार शिकवत होता. भिंतीवर नवी पाटी होती: उतारापूर्वी मीटर तपासा. प्रशिक्षक पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "मीटर न बघता निघालात तर तुमचा हळूकाका होईल." चौघंही खो खो हसली. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाबांच्याच नियमाची कृपा.

एकतीस वर्षं जे नाव सांभाळून चालवण्याचं नाव होतं, ते आता गाफील माणसाचं नाव झालं होतं. मी टेबलाशी परत गेले आणि पत्र लिहिलं. मर्यादा कुणी काढली, कधी काढली, कुणाच्या सहीने काढली, पान चौसष्ट कोणत्या तारखेला छापलं, सगळं. पत्र पिशवीत घातलं आणि आधी बाबांना दाखवायचं म्हणून घरी आले.

बाबा खिडकीशी बसले होते. नवा पाय शेजारी भिंतीला टेकवलेला. मांडीवर शाळेची असते तसली वही होती. मी समोर बसले, आणि धीर एकवटून म्हटलं, "बाबा, तुमची चूक नव्हती. तुम्ही मीटर बघितला असतात तरी..."

"मी बघितला होता," ते म्हणाले.

"काय?"

"बसल्या बसल्याच बघितला. शंभर. न बघायला मी काय काल चालवायला शिकलोय?"

"मग उतरलात कशाला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"अगं, म्हटलं लेकीने केलंय," ते म्हणाले. "इतके महिने पंच्याऐंशी ठेवत होतीस आणि आता शंभर ठेवलंस, म्हणजे काहीतरी नवी युक्ती काढली असशील. तुडुंब भरूनही उतरता येईल अशी. आपल्याला काय कळतंय त्या प्रोग्रॅममधलं. एकदा मनात आलं, खाली जाऊन विचारावं. पण साठ पाहुण्यांसमोर मॅडमना काय विचारणार, की बाई, तुमचं बरोबर आहे ना? तुझी लाज गेली असती."

ते आता खुलले होते. पाच महिन्यांत पहिल्यांदा ट्रॅक्टरबद्दल बोलत होते. त्यांनी वही माझ्यासमोर धरली.

"पण तेव्हापासून डोकं खाजवतोय. युक्ती नक्की काय होती, आणि अडली कुठे? ही बघ चार पानं काढली. पहिली दोन सोड, ती काही खरी नाहीत. हे बघ. उतारावरची जास्तीची वीज जनरेटरला द्यायची, जनरेटर उलटा मोटरसारखा चालवायचा, आणि डिझेल बंद ठेवून इंजिनालाच फिरवायचं. इंजिन फिरायला कुरकुर करतं ना, त्यात ती वीज खर्ची पडेल. ना हीटर, ना काही. हेच होतं ना?"

पेन्सिलीने काढलेलं चित्र होतं, बाण दाखवलेले, वायरीला वायर जुळलेली. मी ते दोनदा वाचलं. ते बरोबर होतं. ते प्रोग्रॅममध्ये घालायला मला एक संध्याकाळ लागली असती. चार बैठकांत आमच्यापैकी कुणाला ते सुचलं नव्हतं, आणि आठ संध्याकाळी ज्या माणसाला सुचलं असतं तो माझ्यासमोर बसून जेवत होता.

"हे नव्हतं, बाबा."

"मग?"

"काहीच नव्हतं. साहेबांना स्क्रीनवर शंभर हवे होते. मी सही केली. तुम्हाला सांगायची लाज वाटली."

मी पिशवीतून पत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. वही मिटली आणि पत्र वहीत घातलं.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले. "मी मीटर बघितला नाही, असंच तिला सांगितलंय. तेच राहू दे." मग कुबड्या घेतल्या आणि आतल्या खोलीत गेले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन चार्जिंगला लावला आणि अंघोळीला गेले. परत आले, तेव्हा बाबा त्याच खोलीत, प्लगपासून दोन हातांवर, खुर्चीत बसून बाहेर बघत होते.

फोन अजून प्लगला लावलेलाच होता. शंभर टक्के भरलेला.